अंतर आणि अवधी : साताऱ्याहून लंडनपर्यंत

दोन गावांमधले अंतर किती, या प्रश्नाला आज आपण किलोमीटरमध्ये उत्तर देतो. दोन दूरच्या विमानतळांमधले अंतर विचारले, तर उत्तर बहुधा तासांत येते. मुंबई ते लंडन हे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे, पण हा आकडा प्रवाशाच्या तोंडी नसतो. 'नऊ-दहा तास' एवढेच तो सांगतो. वरवर पाहता ही आधुनिक सवय वाटेल. प्रत्यक्षात मराठी भाषेला ती फार जुनी आहे. अंतर अवधीतच मोजायचे, हे आपल्या शब्दांनी केव्हाच ठरवून टाकले होते.

'मजल' हा शब्द पाहा. अरबी 'मंजिल'वरून आलेल्या या शब्दाचा मराठीतला रूढ अर्थ एका दिवसात चालून होणारी वाट असा आहे. ती किती कोसांची, हे वाटेवर, ऋतूवर आणि चालणाऱ्यावर अवलंबून. घाटातली मजल लहान, देशावरची मोठी, पावसाळ्यातली त्याहून निराळी. 'मजल दरमजल' या शब्दप्रयोगात अंतर आणि काळ एकमेकांपासून वेगळे काढताच येत नाहीत. 'कोस' तर त्याहून जुना. संस्कृत 'क्रोश' म्हणजे हाक, आणि हाक जिथवर पोहोचेल तेवढी वाट म्हणजे कोस. पुढे कोसाची लांबी ठरली, प्रांताप्रांतात वेगवेगळी ठरली, परंतु मुळात मोजणी होती ती ऐकू येण्याची. ज्याची हाक आपल्याला ऐकू येते तो जवळचा.

आणि मग खुद्द 'अंतर' हा शब्द. त्याचा अर्थ दोन ठिकाणांमधली लांबी, दोन गोष्टींमधला फरक आणि अंतःकरणही. शिवाय 'अंतर देणे' म्हणजे साथ सोडणे. आश्रित धन्याला 'अंतर देऊ नये' अशी विनवणी करतो, तेव्हा तो मैलांविषयी बोलत नसतो. या सगळ्या अर्थांना एकाच वेळी स्पर्श करणारे एक प्रकरण साताऱ्याच्या इतिहासात घडले. प्रतापसिंह महाराज आणि त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते यांचे हे प्रकरण राजकीय अन्यायाची कथा म्हणून आपल्याला परिचित आहे. प्रबोधनकार ठाकरे यांनी त्यावर आवेशाने लिहिले आहे. प्रस्तुत लेखात मात्र ते अंतर आणि अवधी यांचा इतिहास म्हणून वाचण्याचा प्रयत्न आहे.

आधी थोडे मागे जाऊ. पेशवाईतला राज्यकारभार हा मुख्यतः पत्रांवर चालणारा कारभार होता. जासूद-हरकारे पत्रे घेऊन धावत, आणि महत्त्वाची बातमी असली की जासुदांची जोडी पाठवीत. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरांतून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सिद्ध केला. सांगली-मिरजेच्या परिसराने मराठी इतिहासलेखनाला दिलेली ही मोठी देणगी. असली पत्रे वाचताना एक गोष्ट सतत जाणवते. पत्राला दोन तारखा असतात, लिहिल्याची आणि पोहोचल्याची, आणि इतिहास पुष्कळदा या दोन तारखांच्या मधल्या फटीत घडतो. पानिपतचे युद्ध १४ जानेवारी १७६१ रोजी झाले. नानासाहेब पेशव्यांना त्याची बातमी सुमारे दहा दिवसांनी भेलशाच्या परिसरात मिळाली, तीही सावकारी पत्रातून. ते दहा दिवस पेशवे मदतीसाठी उत्तरेकडे निघालेले होते, जिच्या मदतीला जायचे ती फौज उरलेली नसताना.

त्या काळी उशीर ही कोणाची खोडी नव्हती. घोडा आणि माणूस यांच्या दमाची ती मर्यादा होती आणि मित्राला व शत्रूला ती सारखीच लागू होती. साताऱ्याच्या प्रकरणात हेच बदलते.

२५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने कंपनी सरकारने प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याचे राज्य दिले. उत्तरेला नीरा-भीमा, दक्षिणेला वारणा-कृष्णा, पश्चिमेला सह्याद्री असा त्याचा ढोबळ विस्तार. आजच्या सातारा जिल्ह्याचा आणि सांगली जिल्ह्याच्या काही भागाचा त्यात समावेश होतो. सांगलीचे पटवर्धन संस्थान स्वतंत्र होते. चिंतामणराव आप्पासाहेबांनी सांगली हे राजधानीचे ठिकाण केले ते १८०१ साली. सातारच्या तहातले पाचवे कलम आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. राज्याबाहेरच्या कोणाही सत्ताधीशाशी वा सरदाराशी राजाने कंपनीच्या संमतीवाचून पत्रव्यवहार किंवा संबंध ठेवू नये, असे ते कलम होते. म्हणजे राजाला मुलूख मिळाला. त्या मुलखापलीकडे हाक मारण्याचा अधिकार मात्र मिळाला नाही. क्रोशाच्या मूळ अर्थाने पाहिले तर राज्याची सीमा हीच त्याच्या आवाजाचीही सीमा ठरली.

१८३६ पासून महाराजांवर जे आरोप ठेवले गेले, ते नेमके याच स्वरूपाचे होते. गोव्याच्या पोर्तुगिजांशी संधान, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संपर्क, कंपनीच्या हिंदी शिपायांना फितवण्याचा प्रयत्न. हे आरोप खरे की रचलेले, याबद्दल त्याच काळी खुद्द इंग्रजांतच मतभेद होते. आरोपांचा आशय मात्र एकच : या राजाने दूरच्या माणसांशी बोलण्याचा प्रयत्न केला. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कारनॅक १८३९ च्या ऑगस्टमध्ये साताऱ्याला आले आणि दोष कबूल केल्यास गादी राहील, अशा अर्थाची अट त्यांनी घातली. महाराजांनी ती नाकारली. सप्टेंबरच्या आरंभी त्यांना पदच्युत करण्यात आले, धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब गादीवर बसले, आणि महाराजांची रवानगी काशीला झाली. मुक्कामामागून मुक्काम करीत झालेल्या त्या लांबच्या प्रवासात बाळासाहेब सेनापती वाटेतच मृत्यू पावले. कंपनीने दिलेली शिक्षा म्हणजे काय होते? कैद होतीच, पण तिचा गाभा होता अंतर. साताऱ्यापासून इतके दूर, की साताऱ्यातली हाक तिथे ऐकू येऊ नये.

महाराजांनी या शिक्षेला दिलेले उत्तरही अंतराच्याच भाषेत होते. साताऱ्यात न्याय नाही, मुंबईत नाही, कलकत्त्यात नाही. तर मग जिथून या सगळ्यांना हुकूम सुटतात तिथेच जावे. महाराजांचे काही वकील याआधीच विलायतेला रवाना झाले होते, पण दीर्घकाळ टिकून राहिले ते रंगो बापूजी. रोहिडखोऱ्याच्या दादाजी नरसप्रभू देशपांड्यांच्या कुळातला हा माणूस १८४० च्या सुमारास लंडनला पोहोचला आणि १८५३ पर्यंत तिथे राहिला. सुमारे चौदा वर्षे.

मराठी राजकारणातला हा पहिला विलायती वकील नव्हे. राघोबादादांनी पाठवलेले हणमंतराव आणि त्यांचे पारशी सहकारी १७८१ साली इंग्लंडमध्ये होते, आणि एडमंड बर्कने त्यांचा पाहुणचार केला होता. परंतु हणमंतरावांच्या काळी विलायतेची वाट केवळ केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाणारी होती. हे अंतर सुमारे २०,००० किलोमीटर आणि अवधी वाऱ्याच्या मर्जीनुसार चार ते सहा महिने. पत्र पाठवून उत्तर यायचे, तर वर्ष सहज उलटे.

रंगो बापूजींच्या काळापर्यंत हे चित्र बदलू लागले होते. २० मार्च १८३० रोजी मुंबईहून निघालेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट सुमारे ३३ दिवसांत सुएझला पोहोचली. सुएझपासून अलेक्झांड्रियापर्यंत वाळवंट आणि नाईल ओलांडायची, पुढे भूमध्य समुद्रातून युरोप. टपालाचा हा 'खुष्कीचा मार्ग' टॉमस वॅगहॉर्न या माणसाने जिद्दीने रुजवला. कोळशाच्या साठ्यासाठी एडन हवे होते. ते इंग्रजांनी जानेवारी १८३९ मध्ये, म्हणजे प्रतापसिंह पदच्युत होण्याच्या आठ महिने आधी, ताब्यात घेतले. इकडे बोरघाटाचा रस्ता १८३० मध्येच गाड्यांसाठी खुला झालेला होता. या सगळ्याचा परिणाम असा, की १८४० च्या दशकात लंडन-मुंबई टपाल सर्वसाधारणपणे दीड महिन्याच्या आत-बाहेर पोहोचू लागले. एका पिढीत अवधी जवळजवळ चौथाईवर आला.

अवधी चौथाईवर आला, मग न्याय चौपट वेगाने मिळाला काय? रंगो बापूजींची चौदा वर्षे या प्रश्नाचे उत्तर देतात. कंपनीच्या संचालक मंडळाने या वकिलांना अधिकृत मान्यता दिली नाही. तुमचे जे म्हणणे असेल ते हिंदुस्थानातल्या सरकारमार्फत आमच्याकडे यावे, ही त्यांची भूमिका होती. या उत्तराचा अर्थ जरा उलगडून पाहू. तक्रार ज्याच्याविरुद्ध, त्या मुंबई सरकारकडेच अर्ज द्यायचा. त्याने तो कलकत्त्याला पाठवायचा, कलकत्त्याने लंडनला. अर्जदार मात्र लंडनमध्येच, संचालकांच्या दारात उभा आहे. त्या दारातून आत जायला त्याला अर्ध्या पृथ्वीचा वळसा घालायला सांगितले जात होते. हे अंतर समुद्राचे नव्हते, कार्यपद्धतीचे होते. आगबोटीने समुद्र आकुंचन पावला, कार्यपद्धतीवर तिचा इलाज चालला नाही.

रंगो बापूजींनी यावर शोधलेला मार्ग आधुनिक होता. दार बंद असेल तर बाहेरच्या लोकांना ऐकू जाईल असे बोलावे. त्यांनी कागदपत्रे छापून प्रसिद्ध केली, कंपनीच्या भागधारकांच्या सभांमध्ये प्रश्न उपस्थित करवले, पार्लमेंटपर्यंत विषय नेला. जोसेफ ह्यूम, जॉर्ज टॉम्पसन, साताऱ्याचे पूर्वीचे रेसिडेंट जनरल ब्रिग्ज अशा मंडळींनी महाराजांची बाजू मांडली. टॉम्पसन हा गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीतला नामांकित वक्ता. त्याच्या भाषणांतून सातारा हे नाव इंग्लंडच्या सार्वजनिक जीवनात वर्षानुवर्षे घुमत राहिले. एका मराठी कारकुनी घराण्यातल्या माणसाने परक्या राजधानीत लोकमत तयार करण्याचा हा प्रयत्न आपल्या वैचारिक इतिहासात अजून पुरेसा तपासला गेलेला नाही, असे वाटते.

पण या काळात प्रकरणाचे तीन बिंदू तीन जागी विखुरलेले होते, हे विसरता कामा नये. पुरावा साताऱ्यात, धनी काशीत, वकील लंडनमध्ये. एखाद्या आरोपाला उत्तर द्यायचे तर माहिती साताऱ्याहून, संमती काशीहून आणि मांडणी लंडनमध्ये. १४ ऑक्टोबर १८४७ रोजी प्रतापसिंह महाराज काशीला वारले. लंडनमध्ये ती वार्ता त्या काळच्या टपालाच्या गतीनेच पोहोचणार. म्हणजे काही आठवडे रंगो बापूजी अशा धन्याची वकिली करीत होते, जो या जगात नव्हता. पानिपतनंतरच्या त्या दहा दिवसांचीच ही दुसरी, अधिक लांब आवृत्ती. यानंतरही ते परतले नाहीत. वकीलपत्र देणारा गेला तरी त्याच्या वारसाचा आणि राज्याचा प्रश्न उरला होता. 'अंतर न देणे' याचा याहून स्पष्ट दाखला शोधू गेल्यास सापडणे अवघड.

पुढचा घटनाक्रम तारखांनिशी पाहण्यासारखा आहे. ५ एप्रिल १८४८ रोजी साताऱ्याचे शहाजीराजे निपुत्रिक वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. हा दत्तक मान्य करावा, असे मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचे मत होते. त्यांच्या जागी लवकरच लॉर्ड फॉकलंड आले. गव्हर्नर जनरल डलहौसीने ३० ऑगस्ट १८४८ रोजी राज्य खालसा करण्याच्या बाजूने आपले टिपण लिहिले, आणि २४ जानेवारी १८४९ च्या खलित्याने संचालक मंडळाने त्यावर शिक्कामोर्तब केले. राजाच्या मृत्यूपासून राज्याच्या मृत्यूपर्यंत २९४ दिवस. साताऱ्याची तक्रार जिथे चौदा वर्षांत निकालात निघाली नाही, तिथेच साताऱ्याचे अस्तित्व दहा महिन्यांच्या आत निकालात निघाले. कागद त्याच आगबोटींतून, त्याच वाळवंटातून, त्याच संचालकांच्या टेबलावर गेले होते. अंतर दोघांनाही समान होते, अवधी समान नव्हता.

या प्रकरणातून निघणारा निष्कर्ष इथे आहे. वाहतुकीचा इतिहास आपण सहसा अंतर घटत गेल्याचा इतिहास म्हणून शिकवतो : होडी, आगबोट, आगगाडी, तार, विमान. पण अंतर सगळ्यांसाठी सारखे घटत नाही. ते आधी हुकमासाठी घटते, मग मालासाठी, आणि गाऱ्हाण्यासाठी सर्वांत शेवटी. पेशवाईतला उशीर निसर्गाचा होता. आगबोटीच्या काळात निसर्गाचा उशीर कमी झाला, आणि उरलेला उशीर कोणाच्या तरी इच्छेचा होता हे उघड झाले. या अर्थाने वेगाने अन्याय दूर केला नाही, त्याने तो फक्त दिसू लागेल असे केले.

१८५३ हे साल या दृष्टीने विलक्षण आहे. त्या वर्षी १६ एप्रिलला मुंबई-ठाणे रेल्वे धावली. सांगलीला चिंतामणरावांच्या आश्रयाने १८४३ साली 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणणारे विष्णुदास भावे याच वर्षी आपली मंडळी घेऊन मुंबईत खेळ करीत होते. आणि याच वर्षाच्या अखेरीस रंगो बापूजी कर्जाने आणि निराशेने थकून लंडनहून परत निघाले. सांगलीचे नाटक मुंबईला पोहोचले, साताऱ्याचे गाऱ्हाणे लंडनहून रिकाम्या हाताने परतले. एकाच मुलखातून निघालेले हे दोन प्रवास जोडीने वाचले, तर एकोणिसाव्या शतकातल्या मराठी समाजाला कोणत्या वाटा खुल्या होत होत्या आणि कोणत्या बंद, याचा अंदाज येतो.

पुढचे सर्वज्ञात आहे. १८५७ मध्ये साताऱ्यात उठावाचा कट उघडकीस आला. ८ सप्टेंबर १८५७ रोजी गेंडामाळावर १७ जणांना देहान्त शिक्षा झाली. रंगो बापूजींचे पुत्र सीताराम त्यांत होते. रंगो बापूजी स्वतः निसटले आणि पुन्हा कधीच सापडले नाहीत. चौदा वर्षे ज्याने कायद्याच्या आणि छापील शब्दाच्या मार्गाने हाक दिली, त्याचे नाव अखेर बंडाच्या कटात यावे, हा केवळ योगायोग मानता येत नाही. ऐकू न येणारी हाक नाहीशी होत नसते, ती रूप बदलते.

त्यानंतर अंतरे झपाट्याने आकुंचन पावली. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाला. १८७० मध्ये समुद्रातळीच्या तारेने मुंबई लंडनला जोडली गेली आणि बातमीचा अवधी आठवड्यांवरून तासांवर आला. ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेजची लंडन-कराची हवाई टपालसेवा सुरू झाली. हा प्रवास आठवड्याचा होता, आणि युरोपातला एक टप्पा तर आगगाडीने करावा लागे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन मुंबईपर्यंत विमान आणले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान कैरो, जिनीव्हा या मार्गाने लंडनला निघाले. शहाजीराजांच्या मृत्यूला तेव्हा शंभर वर्षे आणि दोन महिने होऊन गेले होते.

या घटत्या अवधीची नोंद मराठी प्रवासवर्णनात कशी झाली, हा साहित्याच्या अभ्यासकांनी जरूर हाताळावा असा विषय आहे. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' हा पायी प्रवासाच्या लयीचा ग्रंथ आहे. त्यात वाट हीच घटना. पंडिता रमाबाईंच्या 'इंग्लंडचा प्रवास'मध्ये (१८८३) आगबोट येते, आणि पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'तही समुद्रप्रवासाला स्वतःची जागा आहे. जहाजावरचे दिवस माणसाला हळूहळू परका करीत नेतात. घर सुटले आहे आणि विलायत आलेली नाही, अशी एक मधली अवस्था तो प्रवास पुरवतो. प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार या मधल्या अवस्थेवर जगत आला. नऊ-दहा तासांच्या उड्डाणात ती अवस्था उरत नाही. म्हणूनच विमानयुगातली आपली बहुतेक प्रवासवर्णने पोहोचल्यानंतर सुरू होतात. ती स्थळवर्णने असतात, वाटेची वर्णने नसतात. रंगो बापूजींनी प्रवासवर्णन लिहिले असते तर ते कसे असते? त्यांचे पोहोचणे हीच एक न संपणारी वाट होती.

आज साताऱ्याहून लंडनला जाणारा विद्यार्थी पाच-सहा तास रस्त्याने मुंबई गाठतो, काही तास विमानतळावर काढतो आणि नऊ-दहा तासांत पोहोचतो. अडीचशे किलोमीटरला सहा तास, आणि सात हजारांना दहा. कऱ्हाडला आणि सांगलीजवळ कवलापूरला धावपट्ट्या आहेत, पण त्यांवरून नियमित प्रवासी विमानसेवा नाही. खानापूर-आटपाडीकडचे गलाई कामगार सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी पिढ्यान्‌पिढ्या देशभरच्या शहरांत पांगले आहेत. त्यांच्या लेखी गाव आणि पेढी यांमधले अंतर अजूनही रेल्वेच्या आणि बसच्या रात्रींत मोजले जाते. घटलेले अंतर आजही सारखे वाटले गेलेले नाही.

तेव्हा दोन विमानतळांमधले अंतर किती, या प्रश्नाचे उत्तर नकाशा आणि वेळापत्रक देऊ शकतात. साताऱ्याचा इतिहास त्याच्या शेजारी दुसरा प्रश्न ठेवतो : निघालेला माणूस पोहोचला, पण त्याची हाक पोहोचली का? क्रोश हे माप आपल्या पूर्वजांनी ज्या गरजेतून योजले, ती गरज संपलेली नाही. रंगो बापूजी लंडनच्या दारात उभे होते तेव्हा ते अंतर शून्य होते, आणि चौदा वर्षांत ते कापून झाले नाही.